कॅथ लॅबचे काम कोठे शिकावे?

पत्र : मी बार्शी तालुक्यातील २० वर्षांची विद्यार्थिनी आहे. बारावीला विज्ञान शाखेत ७१ टक्के गुण मिळाले. नीट दोनदा दिली, परंतु एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण पडले नाहीत. गेल्या वर्षी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि सोलापूरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या वेळी डॉक्टरांनी मला काचेच्या अलीकडच्या खोलीत बोलावून ब्लॉकेज दाखवले. तेथे पडद्यासमोर बसलेल्या एक ताई माइकवरून आकडे सांगत होत्या आणि त्यांचे ऐकून आतले डॉक्टर हात थांबवत होते. ते काम मला शिकायचे आहे. जवळच्या शहरात एक वर्षाचा ‘कॅथ लॅब टेक्निशियन’, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या कक्षातील तंत्रज्ञाचा, डिप्लोमा आहे. फी ९०,००० रुपये असून नोकरीची शंभर टक्के हमी देतात. आईला क्ष-किरणांची भीती वाटते, रात्रीच्या ड्युटीला वडिलांचा विरोध आहे आणि दुबईला असलेले मामा तिकडे मागणी आहे असे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : आधी फीचे सांगते, कारण ती भरण्याची मुदत कदाचित जवळ आली असेल. हे ९०,००० रुपये भरू नका. काम निवडण्यात तुमची चूक नाही. चूक होते आहे ती शिकण्याची जागा निवडण्यात. या क्षेत्रात २२ वर्षे घालवल्यानंतर मी एवढे खात्रीने सांगू शकते की हे काम वर्गात शिकता येत नाही. ते चालू असलेल्या टेबलापाशीच शिकावे लागते, त्यामुळे कोणताही अभ्यासक्रम समोर आला की त्याचे नाव आणि इमारत पाहण्याआधी त्याचे टेबल कोठे आहे आणि त्यावर रोज किती रुग्ण घेतले जातात, हे विचारावे.

तुमच्या डिप्लोमापुरती कायद्याची अडचणही आहे. आपल्या देशात संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावाने घातलेला आहे. संबद्ध आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान २,००० तासांचे, आणि तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले, शिक्षण या कायद्याला अपेक्षित आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक या वरच्या वर्गासाठी तर किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षे लागतात. एक वर्षाचा डिप्लोमा यातल्या पहिल्या पायरीलाही पोहोचत नाही. आज एखादे लहान रुग्णालय त्या कागदावर नोकरी देईलही. परंतु पुढे नोंदणीचा प्रश्न आला की तुमच्या हातात सांगण्यासारखे काही उरणार नाही. ‘शंभर टक्के नोकरी’ ही हमी तर मला नेहमीच गंमतीची वाटत आली आहे, कारण नोकरी रुग्णालय देते आणि हमी देणाऱ्या संस्थेकडे बहुधा रुग्णालयच नसते.

तरीही त्या संस्थेला एकदा भेट द्या आणि एक साधा हिशेब मांडा. वर्गात विद्यार्थी किती, असे विचारा. समजा ४० आहेत. त्यांना ज्या कॅथ लॅबमध्ये पाठवतात तेथे एका वेळी दोनच विद्यार्थी उभे राहू शकतात, कारण त्याहून अधिक गर्दी निर्जंतुक क्षेत्राजवळ कोणी शहाणा डॉक्टर होऊ देत नाही. म्हणजे तुमची पाळी कामाच्या २० दिवसांतून एकदा येणार आणि त्या दिवशी नेमकी एखादी केस रद्द झाली, तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागणार. माहितीपत्रकात जे लिहिलेले नसते, ते या एका भागाकारातून बाहेर येते.

आता तुम्ही काचेआडून जे पाहिले, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण निर्णय त्यावरच घ्यायचा आहे. त्या ताई जे आकडे सांगत होत्या, त्यांतला महत्त्वाचा आकडा रक्तदाबाचा असतो, पण तो दंडाला पट्टा बांधून मोजलेला नव्हे. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून हृदयापर्यंत नेलेली नळी, म्हणजे कॅथेटर, खाऱ्या पाण्याने भरलेली असते. तिच्या टोकाशी असलेला दाब त्या पाण्याच्या स्तंभातून बाहेरच्या ट्रान्सड्यूसरपर्यंत, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणापर्यंत, येतो आणि पडद्यावर उंचसखल रेघ म्हणून उमटतो. ही रेघ म्हणजे ट्रेस. डॉक्टरांचे डोळे त्या वेळी क्ष-किरणांच्या चित्रावर असतात आणि ट्रेसवर डोळा ठेवण्याचे काम तुमचे असते. कॅथेटरचे टोक हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीच्या तोंडात रुतून बसले की आतापर्यंत १३०/७० दाखवणारी टोकदार रेघ एकाएकी बुटकी आणि बोथट होते. याला आम्ही डॅम्पिंग म्हणतो. अशा वेळी चित्रात धमनी दिसण्यासाठी सोडायचे रंगद्रव्य ढकलले गेले, तर हृदयाची लय बिघडू शकते किंवा धमनीचे अस्तर फाटू शकते. तेव्हा ‘प्रेशर डॅम्प’ हे दोन शब्द मोठ्याने आणि लगेच उच्चारावे लागतात. समोर कितीही मोठे डॉक्टर असोत, संकोच करून चालत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या हुशार मुलांपैकी कित्येक जण येथेच अडखळतात; त्यांना बदल दिसतो, परंतु तोंडातून शब्द फुटत नाही.

कॉरोनरी अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचे चित्र घेण्याच्या तपासणीचा, जन्मच अशा एका क्षणी झाला, असे म्हटले तरी चालेल. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीचे चित्र घेत असताना कॅथेटरचे टोक नकळत उजव्या कॉरोनरी धमनीत सरकले आणि सगळे रंगद्रव्य तिच्यात गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले. सोन्स यांनी त्याला खोकायला सांगितले आणि ठोके परत आले. आज निवडून, थोड्या मात्रेत रंगद्रव्य देतात आणि शॉक देणारे डिफिब्रिलेटर यंत्र हाताशी तयार असते. ते तयार आहे ना, हे रोज सकाळी पहिल्या केसच्या आधी तपासणे हेही याच कामात येते.

माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णाच्या उजव्या बाजूच्या हृदयाचे दाब मोजायचे होते. केस सुरू होण्यापूर्वी मी ट्रान्सड्यूसर रुग्णाच्या छातीच्या मध्यरेषेच्या पातळीला, म्हणजे चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या समोर, लावून शून्य केला होता, म्हणजे त्या पातळीला दाब शून्य धरून यंत्र जुळवून घेतले होते. मध्येच डॉक्टरांनी आपल्या सोयीसाठी टेबल वर घेतले. आमचा ट्रान्सड्यूसर वेगळ्या स्टँडवर होता. तो होता तेथेच राहिला. हृदय वर आणि ट्रान्सड्यूसर खाली, असे १३.६ सेंटिमीटरचे अंतर पडले की पाऱ्याच्या मापात १० मिलिमीटर दाब खोटाच वाढतो. महाधमनीच्या १३० मध्ये १० मिसळले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु फुप्फुसाच्या धमनीच्या फांदीत कॅथेटरचे टोक अडकवून जो दाब (वेज प्रेशर) मोजायचा, तो मुळातच ८ किंवा १० असतो. मी १८ असा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला आणि हृदय कमकुवत असल्याचा निष्कर्ष जवळजवळ लिहिला गेला. आमच्या वरिष्ठ मॅडमनी पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “शून्य कधी केलं होतंस?” त्या प्रश्नाने जे शिकवले, ते त्याआधी दोनदा परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते.

म्हणून म्हणते की नीटमध्ये कमी पडलेल्या गुणांची भरपाई म्हणून या क्षेत्रात येऊ नका. येथे तुम्ही निम्म्या डॉक्टर होत नाही. कॅथेटर तुमच्या हातात नसते, रोगाचे निदान तुमच्या नावावर नसते आणि रुग्णाचे नातेवाईक पेढे घेऊन येतात ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये. ज्यांना हे खुपते, ती माणसे पाच-सात वर्षांत कडवट झालेली मी पाहिली आहेत. याउलट, यंत्राचा स्वभाव ओळखण्यात आणि आकडा खरा आहे की खोटा हे पारखण्यात ज्यांना रस आहे, त्यांना हे काम कंटाळा येऊ देत नाही. तुमच्या पत्रात डॉक्टरांऐवजी माइकवरून बोलणाऱ्या ताईंचे वर्णन आहे, हे मला चांगले लक्षण वाटते.

शिकायचे कोठे, हा मुख्य प्रश्न. महाराष्ट्रात सरळ वाट आहे ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) या पदवी अभ्यासक्रमाची. बारावी विज्ञाननंतर तीन वर्षे शिक्षण आणि पुढे आंतरवासिता असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या अनेक शाखांपैकी हृदयरोग विभागाची शाखा तुम्हाला हवी आहे, परंतु ती प्रत्येक महाविद्यालयात नसते आणि जेथे असते तेथे जागा मोजक्या असतात. दुसरी वाट बी.एस्सी. कार्डिॲक केअर टेक्नॉलॉजी किंवा कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजी या पदवीची. ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही असते. तुमच्या सोलापूरकडून बंगळूरुला थेट रेल्वे आहे, म्हणून तेथील जयदेव हृदयरोग संस्थेचा अभ्यासक्रमही पाहून ठेवा. ती सरकारी संस्था असून हृदयरोगाचे इतके रुग्ण एका छपराखाली क्वचितच पाहायला मिळतात. आधी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करावी असे घरच्यांचे मत पडले, तरी वाट बंद होत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विज्ञान पदवीधरांसाठी कार्डिॲक लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची पदविका आहे आणि तेथून शिकून आलेल्या माणसाला आमच्या क्षेत्रात कोणी जास्तीचे प्रश्न विचारत नाही. प्रवेशाच्या अटी आणि तारखा मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच वाचा. माझ्या किंवा कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नका.

महाविद्यालय निवडताना कॅथ लॅब त्यांची स्वतःची आहे की बाहेरच्या रुग्णालयाशी केवळ करार आहे, हे पाहा. दिवसा किती अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी होतात, रात्री तातडीच्या अँजिओप्लास्टी होतात का, लहान मुलांच्या हृदयातील छिद्रे बंद करण्याच्या आणि लय बिघडलेल्या रुग्णांच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या केसेस होतात का, हेही विचारा. आणि शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन, ‘तू स्वतः ट्रान्सड्यूसर जोडून किती वेळा शून्य केलास?’ असे विचारा. तो हसला, तर परत या. माझ्या माहितीतील एका नावाजलेल्या ठिकाणी विद्यार्थ्यांना दोन वर्षे फक्त इसीजीच्या खोलीत बसवून ठेवले होते आणि प्रमाणपत्रावर कॅथ लॅबचा अनुभव लिहून दिला होता.

आईंच्या भीतीचे उत्तर त्यांना स्वतः वाचून दाखवा. क्ष-किरणांची भीती खोटी नाही, परंतु ती मोजता येणारी भीती आहे. आपल्या देशात या क्षेत्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. काम करणाऱ्याच्या शरीराला मिळणारी मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. ती मोजण्यासाठी प्रत्येकाला टीएलडी बॅज मिळतो. तो शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो आणि साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. कॅथ लॅबमध्ये आपल्याला लागणारे किरण बहुतांशी रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरलेले असतात, म्हणून रुग्णापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथाईवर येते. सिने, म्हणजे धमन्यांचे चलच्चित्र घेणे, सुरू होताना एक पाऊल मागे जाणे, छतावरून लटकणारी शिशाची काच पुढे ओढणे आणि गळ्याला थायरॉइड कॉलर लावणे या तीन सवयी अंगी मुरल्या की अर्धी काळजी मिटते. शिवाय कन्सोलवर, म्हणजे पडद्यांसमोर, बसून करायचे काम शिशाच्या काचेआड होते. गरोदरपणात मात्र ती बातमी कळताच विभागाला लेखी कळवावे. तेथून पुढे गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि त्या काळात टेबलापासून दूरचे काम मागण्यात कसलाही कमीपणा नाही. मी स्वतः दोन्ही वेळा तसे मागून घेतले होते आणि दोन्ही वेळा थोडी कुरकुर ऐकून घेतली होती. लग्न आणि मुले यांच्या आड हे काम येते, असे कोणी सांगितले तर हा परिच्छेद त्यांच्यासमोर ठेवा.

खरा त्रास बहुतेकांना किरणांपेक्षा एप्रनचा होतो. पाच-सहा किलोचे ओझे खांद्यावर घेऊन सलग चार केसेस उभे राहिले की कंबर बोलू लागते. शिशाचे जाकीट आणि घागरा असा दोन भागांचा एप्रन मिळाला, तर निम्मे वजन कमरेवर येते आणि खांदे सुटतात. नोकरीला लागताना तो मागा. चाळिशीनंतर माझे आभार मानाल.

रात्रीच्या ड्युटीबाबत वडिलांना मी टाळाटाळीचे उत्तर देणार नाही. रात्रीचे बोलावणे या कामातून वगळता येत नाही. झटक्याचा रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद पडलेली धमनी फुग्याने उघडावी, असे जगभर मानले जाते. त्या ९० मिनिटांत इसीजी, संमती आणि रुग्णाची तयारी यांबरोबर तुमचे घरून येणे, यंत्र सुरू करणे आणि टेबल मांडणेही धरलेले असते. वडिलांना झटका आला, त्या वेळीही कोणी तरी असेच धावत आले असेल. तेव्हा राहण्याची जागा रुग्णालयापासून १५-२० मिनिटांच्या आत हवी आणि रात्री नेण्या-आणण्याची गाडी रुग्णालयाची हवी.

पगाराविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. पहिला पगार ऐकून घरी आनंद होणार नाही. दोन-तीन वर्षांत स्वतःच्या जबाबदारीवर केस लावता येऊ लागली, फुग्याचा दाब, एसीटीचा (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा आणि धमनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटचा साठा न विचारता सांभाळता येऊ लागला, की बोलणी करण्याची ताकद येते. पुढे इलेक्ट्रोफिजिऑलॉजीकडे वळलेल्यांना मागणी अधिक आहे आणि काही जण स्टेंट किंवा पेसमेकर कंपन्यांच्या तांत्रिक कामाकडे जातात. तेथे पैसा बरा असतो, पण विक्रीचे दडपण मागे लागते.

मामांचे म्हणणे खोटे नाही, ते फक्त पाच वर्षे आधी आले आहे. आखाती देशांत परवाना देताना पदवी, नोंदणी आणि अनुभव यांची पडताळणी मूळ संस्थेकडे विचारून केली जाते. म्हणजे तुमचे महाविद्यालय आणि पहिले रुग्णालय यांना तिकडून पत्र येते. एक वर्षाच्या डिप्लोमाची वाट येथेच संपते. अमेरिकेत आर.सी.आय.एस. नावाचे श्रेयपत्र या कामासाठी ओळखले जाते आणि त्याची परीक्षा कार्डिओव्हॅस्क्युलर क्रेडेन्शिअलिंग इंटरनॅशनल ही संस्था घेते. त्या परीक्षेचा अभ्यासक्रम जरूर वाचा, तिकडे जायचे नसले तरी वाचा. कारण दाबाच्या रेघा, औषधे आणि गुंतागुंत यांविषयी या कामात काय काय यायला हवे, याची ती चांगली यादी आहे.

प्रवेश सुरू होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. वडिलांची फाइल काढा. तिच्यात अँजिओप्लास्टीच्या कागदावर स्टेंटच्या खोक्यातून काढलेली एक लहान चिकटपट्टी लावलेली असेल. तिच्यावर स्टेंटचा व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असते. ती पट्टी जागेवर लावणे आणि तिच्यावरचे आकडे उघडलेल्या स्टेंटशी जुळवून पाहणे हेही बहुधा कॅथ लॅबच्या तंत्रज्ञाचेच काम असते. त्याच फाइलमधील इसीजीच्या कागदावर बारीक एक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद हे लक्षात ठेवून वडिलांचे ठोके मोजून पाहा. मग सोलापूरच्या त्या रुग्णालयात पुढच्या तपासणीला वडिलांबरोबर जाल, तेव्हा डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या ताईंना भेटा आणि एक पूर्ण दिवस, सकाळी यंत्र सुरू करण्यापासून शेवटच्या केसनंतरच्या सफाईपर्यंत, कन्सोलच्या खोलीत बसू देण्याची विनंती करा. दुपारी तीननंतर, पाय दुखू लागल्यावर आणि चौथी अँजिओग्राफी पहिल्या तीन केसेससारखीच दिसू लागल्यावरही तुमची नजर ट्रेसवर टिकते का, ते पाहा. त्या दिवशी घरी परतल्यावर मला पुन्हा लिहा; प्रवेशासाठी कोणत्या दोन महाविद्यालयांत आधी जावे, ते तेव्हा बोलू.